वापीवरून आणलेला प्रोसेसर

(डहाणू. रुचिकाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान.)

रुचिका : जरा मागे सरका ना दादा. तुम्ही असे बोर्डावर वाकून उभे राहिलात तर मला उजेड कुठून येणार?

सुदाम : मी फक्त बघतोय.

रुचिका : दुकान उघडल्यापासून बघताय. चहा घेऊन या बोलले, तर चहा पण इथेच मागवलात. मी काय पळवणार आहे का तुमचं?

सुदाम : तसं नाय ताई. एकदा झालंय माझ्याबरोबर, म्हणून.

रुचिका : काय झालंय?

सुदाम : याच प्रोसेसरवरून. प्रवीण म्हणून पार्टनर होता माझा. लग्नाचं शूटिंग करायचो आम्ही, तलासरीपासून इकडे नरपडपर्यंत. कॅमेरा त्याचा, एडिटिंग माझं. मशीन सारखी हँग व्हायला लागली, तर ठरवलं नवा प्रोसेसर नि ग्राफिक्स कार्ड टाकू. त्याला वापीला पाठवला. घेऊन आला तर प्रोसेसरच्या खोक्याचं सील कापलेलं. विचारलं तर बोलतो, दुकानवाल्याने उघडून दाखवला. लावला. पंखे फिरतात, लाईट लागतात, स्क्रीन काळीच. आता माणसाने काय समजायचं?

रुचिका : काय समजलात?

सुदाम : चांगला विकला वाटेत नि मेलेला आणून माझ्या गळ्यात घातला. अजून काय.

रुचिका : आणि जुना प्रोसेसर परत लावून बघितला नाहीत?

सुदाम : कधी बघणार? त्याच दिवशी भांडण झालं. जुना काढून टेबलावर ठेवलेला, तो उचलून त्याच्या अंगावर फेकला मी. बोललो, हा घे तुझा हिस्सा, नि निघ.

रुचिका : बरं. आता इकडे बघा. तुमचं ग्राफिक्स कार्ड मघाशी माझ्या मशीनवर चालवलं. चित्र आलं ना?

सुदाम : आलं.

रुचिका : आता हे बोर्ड. माझ्या दुसऱ्या कस्टमरचं, गेल्याच महिन्यात घेतलेलं. यात तुमचा प्रोसेसर टाकलाय. स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचा.

सुदाम : हेच तर खोक्यावर लिहिलंय.

रुचिका : मग? प्रोसेसर चांगला आहे. नवाकोरा.

सुदाम : हा माझाच आहे ना पण?

रुचिका : दादा, तुम्ही डोळे मिटलेत का एकदा तरी?

सुदाम : तुम्ही ओळखता प्रवीणला?

रुचिका : आत्ता तुमच्याच तोंडून नाव ऐकलं.

सुदाम : डहाणूला यायचा तो. पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड घ्यायला. तुमच्याकडेच येत असेल.

रुचिका : डहाणूला सगळेच येतात. चिकू घ्यायला येतात, कोर्टाच्या तारखेला येतात. मी काय प्रत्येकाची मावसबहीण आहे?

सुदाम : मग प्रोसेसर चांगला, कार्ड चांगलं, तर माझी मशीन का चालत नाय?

रुचिका : तुमचं बोर्ड जुनं आहे. बोर्डाच्या आत एक छोटा प्रोग्राम असतो, बायोस बोलतात त्याला. बटण दाबलं की सगळ्यात आधी तो उठतो आणि बघतो, प्रोसेसर कुठला बसलाय. तुमच्या बोर्डातला बायोस दोन हजार एकोणीसचा. हा प्रोसेसर त्याच्यानंतर बाजारात आला. बायोसला हा माहीतच नाही, तर तो पुढे जाऊच देत नाही.

सुदाम : म्हणजे नाक्यावर अडवतात तसं. यादीत नंबर नाय तर गाडी बाजूला घ्या.

रुचिका : हां, तसंच.

सुदाम : गाडी चोरीची नसली तरी?

रुचिका : गाडीचा काही संबंध नाही. यादी जुनी.

सुदाम : मग यादी बदला ना. काय तो खर्च घ्या.

रुचिका : बदलायला मशीन चालू व्हायला लागते. आणि चालू व्हायला त्याच्या ओळखीचा प्रोसेसर लागतो. महागाच्या बोर्डांना मागे एक बटण असतं, प्रोसेसर नसला तरी पेनड्राइव्हवरून काम होतं. तुमच्याला नाही. तुमचा जुना आणा. तो बसवून बायोस नवा टाकते, मग जुना काढून हा बसवू. इन्व्हर्टरवरच करते, मधेच लाईट गेली तर बोर्ड कायमचं मेलं.

सुदाम : तुमच्याकडे नाय का तसला एखादा जुना? एवढं दुकान आहे.

रुचिका : एक होता, त्याच्या पिना वाकल्या. मुंबईवरून मागवते. आठवडा धरा.

सुदाम : आठवडा कुठून आणू? नरपडच्या लग्नाचं काम आहे. नवरा रविवारी बोटीवर जातोय, वर्षभर येणार नाय. त्याला पिक्चर सोबत न्यायची आहे.

रुचिका : मग जुना कुठे आहे ते तुम्हाला माहीत आहे.

सुदाम : ताई, एक काम करा ना. तुम्हीच फोन लावा त्याला. सांगा, दुकानातून बोलतेय, जुने पार्ट विकत घेतो आम्ही.

रुचिका : मी नाही असलं काही सांगणार. फेकलात तुम्ही, मागायचं पण तुम्हीच.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, तलासरीच्या पुढे पाड्यावर. प्रवीणच्या अंगणाबाहेर.)

प्रवीण : तिथूनच बोल. आय आत आहे. तुझा आवाज ऐकला तर बाहेर येईल नि मग मला आवरणार नाय.

सुदाम : जुना प्रोसेसर आहे का रे तुझ्याकडे?

प्रवीण : का? तो पण चोरलाय मी?

सुदाम : मशीन विकायला काढलीय. गिऱ्हाईक बोलतो, जुना असेल तर तो पण द्या.

प्रवीण : कोण गिऱ्हाईक?

सुदाम : आहे एक. चारोटीचा.

प्रवीण : चारोटीचा. नि बंद मशीन घेतोय.

सुदाम : हां.

प्रवीण : सुदाम, तू खोटं बोलतोस तेव्हा गाडीची चावी फिरवतोस. ठेव ती खिशात, नि बोल.

सुदाम : डहाणूला नेली मशीन. ती ताई बोलली, आपलं बोर्ड जुनं आहे. जुना प्रोसेसर लावून काहीतरी अपडेट करायला लागतं, मग नवा चालतो.

प्रवीण : नवा तर मेलेला होता.

सुदाम : नाय. चांगला आहे. दुसऱ्या बोर्डावर चालला, माझ्या डोळ्यासमोर.

प्रवीण : जोरात बोल.

सुदाम : चांगला आहे.

प्रवीण : वापीवाला बोललेला मला. बोर्ड कुठलं आहे ते आधी बघा, जुनं असेल तर जुना प्रोसेसर काढायच्या आधी अपडेट करून घ्या. मी येऊन तुला सांगितलं. तू काय बोललास?

सुदाम : आठवत नाय.

प्रवीण : बोललास, तुला काय कळतं यातलं, तू कॅमेरा धर.

सुदाम : बोललो असेन.

प्रवीण : नि मग पाड्यातल्या चैत्याच्या हळदीत बोललास, प्रवीणने प्रोसेसर विकून खाल्ला. मांडवात, सगळ्यांसमोर. प्राजक्ताचा बाप तिथेच बसलेला. सुपारी फोडायची होती आमची. दोन दिवसांनी निरोप आला, सध्या थांबू. कशाला थांबायचं ते नाय सांगितलं. मी आता उंबरगावला कंपनीत जातो, खोकी भरायला.

सुदाम : मला नव्हतं माहीत.

प्रवीण : तुला माहीत नसतं तेच तू जोरात बोलतोस.

सुदाम : मी जातो प्राजक्ताच्या बापाकडे. सांगतो, माझं चुकलं.

प्रवीण : आज नको. आज तुला माझ्याकडून काय तरी पाहिजे. आज सांगितलंस तर तो पण तेच समजेल. काम कुठलं आहे?

सुदाम : नरपडचं. नवरा रविवारी बोटीवर जातोय.

प्रवीण : ते तर मी शूट केलंय.

सुदाम : हां.

प्रवीण : वरातीत त्याची म्हातारी नाचली होती काठी टाकून. ते ठेवलंस का कापलंस?

सुदाम : ठेवलंय. पूर्ण. मशीन बंद पडायच्या आधीच लावलेलं.

प्रवीण : थांब इथेच. आत नको येऊ.

सुदाम : नाय येत.

प्रवीण : हा घे. लेन्सच्या डब्यात ठेवलेला, पिना सरळ आहेत. नाय, हात नको लावू अजून. मोबाईल काढ.

सुदाम : कोणाला लावू?

प्रवीण : फोटो काढ याचा. वरचा नंबर दिसला पाहिजे, नि खालच्या पिना.

सुदाम : कशाला रे आता?

प्रवीण : उद्या मशीन नाय चालली तर बोलशील, बदलून दिला.

सुदाम : नाय बोलणार.

प्रवीण : काढ तरी.

सुदाम : काढला.

प्रवीण : दाखव. हललाय. दे इकडे, मी काढतो.