वामनरावांच्या डिस्कचं सीमोल्लंघन

मंडळी, ऐका. गेल्या वर्षी मला एक पत्र आलं. त्याचं उत्तर मी दिलं नाही. मुद्दाम नाही हो, सुचलंच नाही! पत्र एका बाईंचं. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही, उगाच तुम्ही माना वळवायला लागाल. त्यांनी लिहिलं होतं — 'बुवा, तुमचं कीर्तन ऐकून आमच्या यजमानांनी देवासमोर राग सोडला. आम्ही रिक्षानं घरी आलो. सूनबाईला दार उघडायला जरा उशीर झाला, आणि राग हजर! देवळात सोडलेला राग आमच्या आधी घरी कसा पोहोचला?'

आता सांगा! आहे उत्तर? मी घरातले होते नव्हते ते ग्रंथ काढले. क्रोध कशातून उपजतो ते सापडलं. तो माणसाला कुठे नेतो ते सापडलं. पण रिक्षाच्या आधी घरी कसा पोहोचतो — हे एकाही आचार्यानं लिहून ठेवलेलं नाही!

तेव्हा आजचा प्रश्न तोच. संकल्प सोडला, टाळ्या पडल्या, प्रसाद खाल्ला — एवढ्यानं माणूस बदलतो का?

उत्तर मला सापडलं ते एका कॉम्प्युटरच्या पोटात. हसा, हसा! मीही आधी हसलोच होतो. मी पोथीतला माणूस, यंत्रातलं मला काय कळतं? सांगताना चुकलो तर, पेटीवाले, जोरात सूर धरा, म्हणजे लोकांना ऐकू जाणार नाही.

मागच्या महिन्यात परगावी कीर्तन होतं. उतरलो वामनराव खांबेट्यांकडे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. ही हकीकत त्यांचीच, त्यांनीच सांगितली. वर म्हणाले, "बुवा, नावासकट सांगा!" म्हणून सांगतो.

वामनराव म्हणजे महाक्रोधी! दुर्वास ऋषी निदान शाप देऊन निघून तरी जायचे. हे घरातच राहायचे!

आणि त्यांच्या पत्नी मनोरमाबाई. शाळेत शिकवायच्या, आता घरी असतात. घरी म्हणजे रिकाम्या नव्हेत. वैजयंती नावाची एक मुलगी, डोळ्यांनी अंध, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. तिला इतिहासाचं एक जुनं पुस्तक नेमलेलं. छापलेलं पान तिला वाचता येत नाही. पण तेच कॉम्प्युटरवर टाईप करून पाठवलं, तर तिच्या वसतिगृहातला कॉम्प्युटर ते मोठ्यानं वाचून दाखवतो. म्हणून मनोरमाबाई रोज सकाळी बसून ते पुस्तक टाईप करत होत्या. पुरं झालं की एकदम पाठवायचं होतं. परीक्षा मार्गशीर्षात.

पण घरचा कॉम्प्युटर? कुंभकर्णाचा सख्खा भाऊ! बाई सकाळी बटण दाबायच्या आणि गॅसवर चहा ठेवायच्या. चहा उकळायचा, गाळला जायचा, पिऊन कप विसळला जायचा — मग महाराज डोळे उघडायचे. आणि पोटातून आवाज — खर्र, खट्, खर्र!

मुलगी शर्मिला नागपूरला. तिनं फोनवर तो आवाज ऐकला. म्हणाली, "बाबा, डिस्क मरायला टेकली आहे. मी नवी पाठवते."

डिस्क म्हणजे काय, विचाराल. मीही विचारलं. कॉम्प्युटरच्या पोटात एक तबकडी गरगर फिरत असते. आपलं मन फिरतं ना, तशी! सगळं लिहिलेलं तिच्यावर. सकाळी जागं कसं व्हायचं, हेसुद्धा तिच्यावरच. त्याला म्हणतात ऑपरेटिंग सिस्टिम. हा शब्द तोंडात बसायला मला आठवडा लागला! आणि नवी डिस्क? तिच्यात फिरणारं काहीच नाही. आवाज नाही, हालचाल नाही. अहो, स्थितप्रज्ञ! फक्त जुनीतलं सगळं जसंच्या तसं नवीत उतरवायचं, की काम झालं.

शर्मिलानं बजावलं, "बाबा, उतरवून झालं की जुनी काढून टाका. आणि उठताना आधी नवीकडे बघ, असं कॉम्प्युटरला सांगून ठेवा. तो क्रम बदलायला विसरू नका."

"मला शिकवू नकोस! धरणं बांधलीत मी!"

दसऱ्याचा मुहूर्त. खोकं उघडलं. नव्या डिस्कला हळद-कुंकू, झेंडूचं फूल. नारळ दूरच फोडला, तेवढी अक्कल शाबूत होती. उतरवणं दुपारपर्यंत चाललं. शेवटी पडद्यावर इंग्रजीत लांबलचक सूचना आली. वामनरावांनी वाचली? छे! 'ओके' दाबलं. नाकं मुरडू नका, तुम्ही तरी पोथी कुठे वाचता? फलश्रुती तेवढी बघता!

मग हातात स्क्रू-ड्रायव्हर घेतला, जुनी डिस्क काढायला. हात पुढे गेला... आणि थबकला. इतकी वर्षं चाललेली वस्तू! टाकायची? म्हणाले, "असू दे आतच. अडीअडचणीला लागेल."

असू दे! मंडळी, या दोन शब्दांवर आपले संसार उभे आहेत. काडी मोडलेली छत्री — असू दे. मिक्सर मोडीत गेला, झाकण — असू दे. भावाशी वीस वर्षांपूर्वी भांडण झालं, कशावरून ते आठवत नाही, पण अबोला? असू दे!

त्याच संध्याकाळी देवळात कीर्तन. वामनराव उत्साहात उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आज सीमोल्लंघन! कॉम्प्युटरनं जुनं सोडलं, मीही सोडतो. आजपासून राग बंद!" टाळ्याच टाळ्या! तिथल्या बुवांनी हार घातला. मनोरमाबाई बायकांत बसल्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या का, हे मी विचारलं नाही. धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवसापासून नवी डिस्क बघायला माणसं यायला लागली. शेजारचे कारखानीस आले, चहा घेतला, पोहे घेतले. एवढ्यात कॉम्प्युटर उठला. कारखानीस म्हणाले, "वा वामनराव! डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सुरू!" पोहे खाताना पातं लवलं नसेल बहुतेक!

मनोरमाबाई हळूच म्हणाल्या, "अहो, पण चहा झाला तरी हा उठत नाही. पूर्वीसारखाच."

"तुझा गॅस मोठा असतो!"

"आणि ती खर्रखर्र?"

"ती नवीची आहे! वेगाची!"

"बरं. चिडू नका."

"मी चिडलेलो नाही! मी — राग — सोडलाय!" खिडकीतला कावळा उडाला, मंडळी!

माझी एक जुळवाजुळव आहे, संतांच्या माथी मारू नका —

कपाळासी गंध, पोटामध्ये जाळ ।
शांतीची ही माळ खुंटीवरी ॥

असा महिना गेला. तुळशीचं लग्न झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी बटण दाबलं, पातेलं गॅसवर ठेवलं. पाण्याला अजून आधणही नाही आणि पडदा लखलखीत! आवाज नाही, खर्र नाही. वामनराव ओरडले, "बघ! बघ! म्हणत होतो ना मी!"

बाई खुर्चीत बसल्या. इतिहासाचं काम उघडलं. आणि बघतात तर — दसऱ्यानंतर टाईप केलेलं एकही प्रकरण नाही! महिनाभराची सकाळ न् सकाळ पुसलेली! जणू ती उजाडलीच नव्हती. त्यांनी पुस्तकावर हात ठेवला. एवढंच म्हणाल्या, "वैजूची परीक्षा तोंडावर आली. तिला काय सांगू?"

इथे स्थितप्रज्ञानं काय म्हणावं? वामनराव म्हणाले, "तूच काहीतरी दाबलं असशील! तुला हजारदा सांगितलं..." वगैरे, वगैरे. पुढचं तुम्हाला पाठ आहे. घरोघरी तीच संहिता!

बाईंनी लेकीला फोन लावला आणि मधे टेबलावर ठेवला.

"बाबा, जुनी डिस्क काढली होती ना?"

"आत आहे. असू दे म्हटलं."

"आणि क्रम? बदललात?"

"ते... ओके दाबलं होतं मी."

"म्हणजे कॉम्प्युटर महिनाभर जुनीवरूनच उठत होता, बाबा. आईनं टाईप केलेलं सगळं जुनीवर गेलं. आज जुनी मेली, म्हणून तो पहिल्यांदा नवीवरून उठला. तिला दसऱ्यानंतरचं काही ठाऊकच नाही."

"असं कसं? वेग तर वाढला होता!"

"कोण म्हणालं?"

"कारखानीस."

"आईला विचारलं होतंत?"

मंडळी, विचारायचं कशाला? आईनं न विचारताच सांगितलं होतं, रोज, चहाचं पातेलं हातात धरून! जुनीतलं काही परत मिळेल का, असं वामनरावांनी विचारलं. शर्मिला म्हणाली, दुरुस्तीला पाठवून बघू, पण आशा धरू नका. नवी डिस्क महिनाभर आत बसून होती. फूल लावलेली, कुंकू लावलेली, आणि बिनकामाची! वामनरावांचा संकल्पही तसाच!

वामनरावांनी कॉम्प्युटरचं खोकं उघडलं. जुनी डिस्क काढली, बाहेर ठेवली. हात धुतले. चष्मा पुसला. बायकोच्या हाताखालचं पुस्तक ओढून घेतलं. बाई म्हणाल्या, "आता याच्यावर कशाला राग?"

ते म्हणाले, "कुठल्या पानापासून? मी वाचतो, तू टाईप कर. मान खाली-वर करत बसलीस तर पुरं कसं होणार?"

क्षमा मागितली का? छे! आपल्याकडे नवरे क्षमा मागत नाहीत. पान विचारतात!

आणि वाचायला लागले. सकाळ, दुपार, संध्याकाळ. मधेच लेखकाशी भांडायचे, "हा माणूस साफ चुकतोय!" बाई म्हणायच्या, "तुम्ही वाचा. मत मागितलेलं नाही." परीक्षेआधी पुस्तक पुरं झालं. वैजयंतीचा फोन आला, "आजी, सगळं मिळालं. फक्त एक विचारायचंय. तहाच्या प्रकरणात, दोन्ही सैन्यं समोरासमोर असताना, 'अगं, घोटभर चहा टाक' असं कोण म्हणतं?"

बाई बोटांनी टाईप करत गेल्या होत्या, कानावर पडेल ते!

मी जेवताना विचारलं, "मग, गेला का हो राग?" वामनरावांनी वरण कालवायला घेतलं. उत्तर स्वयंपाकघरातून आलं. "येतो, बुवा. पण आता आधी माझ्याकडे बघतात, मग तोंड उघडतात. क्रम बदललाय."

ऐकलंत? तर मंडळी, तुम्ही इथे रोज येता. गंध लावता, माना डोलवता, बुवांना 'वा' म्हणता. फार बरं वाटतं मला! पण तुमच्या डोलण्यावर माझा विश्वास नाही, आणि माझ्या कीर्तनावर तर त्याहून नाही. आपण सगळे एकमेकांचे कारखानीस! खरं काय ते घरात चहा ठेवणाऱ्या माणसाला ठाऊक. आज घरी गेल्यावर त्याला विचारा. आणि तो बोलेल तेव्हा, 'तुझा गॅस मोठा आहे' म्हणू नका!

राहिलं ते पत्र. आज देवळात येता येता कोपऱ्यावरच्या पेटीत उत्तर टाकलं. कार्डच आहे, चार ओळींचं. लिहिलंय —

'ताई, राग तुमच्या आधी घरी पोहोचला नव्हता. तो घरीच होता. देवळात आला होता तो नुसता संकल्प. खरंच सुटला का बघायचं असेल, तर पुढच्या कीर्तनाहून परत याल, तेव्हा सूनबाईंना सांगून ठेवा, दार जरा उशिरानंच उघड.'