राखेनं घासलेल्या निवट्या

त्र्याण्णव सालची गोष्ट. पालघर स्टँडवर शिरगावच्या एसटीच्या रांगेत माझ्या पुढे एक कोळीण उभी होती. तिची भाची मुंबईहून आली ती धावतच.

“मावशी, खाडीच्या चिखलातल्या निवट्या आनल्यास?”

“ह्या बघ! राखेनं घासून, चार पान्यांनी धुऊन आनल्या.”

“धुतल्यास? अगं, मला त्यांच्या अंगावरची बुळबुळच पायजे होती!”

“बुळबुळीत मासळी कोन देतं पावन्याला?”

“त्या बुळबुळीत प्रथिनांचे बारीक तुकडे असतात, जंतू मारनारे. आमी लॅबमदी ते रक्ताच्या कॅन्सरच्या पेशींवर टाकले. मावशी, पेशी फटाफट फुटल्या! चांगल्या होत्या त्या तशाच राहिल्या!”

“काय सांगतेस! मंजे माजा लेक दामू या कॅन्सरातनं बरा होनार?”

“अजून सगळं काचेच्या बशीतच हाय गं. औषध व्हायला वर्षं लागतील.”

“किती?”

“दहा. पंधरासुद्धा.”

“ते माज्या लेकाला बोलू नको. पेशी फुटल्या, तेवढंच सांग.”

“सांगते.”

“आनि त्याला सांग, ‘निवट्या तुज्या आयनं धरल्या.’ चल, चड गाडीत, ओहोटी लागलीय. मी चिखलात उतरते, तू डबा धर. या खेपेला मी हातसुद्धा धुनार नाय.”