वीस मिनिटं हात मोकळा

तंत्रज्ञ : आणि काकू? आज दोघांची शेवटची तपासणी आहे, काका.

काका : आधी माझा हात घे ना यंत्राखाली.

तंत्रज्ञ : एकट्याचा घेऊन काय करू? अभ्यास जोडप्यांचा आहे. घर एक, जेवण एक, एकाला साखरेचा आजार, दुसऱ्याला नाही. मागच्या महिन्यातही तुम्ही एकटेच आलात. म्हणालात, बहिणीकडे गेलीय.

काका : बहिणीकडे नाही. ती गेली. दीड महिना झाला. झोपेतच, हृदय थांबलं.

तंत्रज्ञ : अहो काका! मग मागच्या वेळी का नाही सांगितलंत?

काका : थाप मारली. तीस वर्षं घरोघर विजेचे मीटर वाचले, एक आकडा कधी इकडचा तिकडे केला नाही. आणि तुझ्यापुढे खोटं बोललो. पण ही थाप लहान आहे, पोरी. मोठी वेगळीच.

तंत्रज्ञ : बसा आधी. पाणी आणू?

काका : पाणी राहू दे. भिंतीवरची ती सूचना वाच.

तंत्रज्ञ : ‘तपासणीआधी वीस मिनिटं हात मोकळा ठेवावा. चोळू नये, शेकू नये.’

काका : तिचे हात कायम गारठलेले. बाहेर बाकावर बसलो की मी तिचा हात दोन्ही हातांत धरून चोळत राहायचो. तू हाक मारलीस की सोडायचो. मग तुझ्या दिव्याखाली सगळ्या रक्तवाहिन्या कशा भरलेल्या दिसायच्या! तू म्हणायचीस, ‘काकू, रक्त छान फिरतंय.’ ती खूश, मी तिच्याहून खूश.

तंत्रज्ञ : हो, म्हणायचे खरी.

काका : आकडा खोटा होता ना तो? मीच फिरवला. खरा आला असता तर तू डॉक्टरांच्या कानावर घातलं असतंस, ती वाचली असती. दीड महिना हेच डोकं खातंय. घरात विचारायला माणूस नाही. फार एकटं वाटतं गं.

तंत्रज्ञ : काका, नीट ऐका. हा उजेड कातडीत दीड मिलिमीटर जातो. तेवढंच दिसतं. काकूंचा हात कितीही गार असता, तरी त्यातून हृदय दिसलं नसतं.

काका : माझं मन राखतेस.

तंत्रज्ञ : मन राखायचं असतं तर हे सांगितलं नसतं, की तुमच्यापायी काकूंच्या हाताची तीन हलती चित्रं वाया गेली.

काका : गेली ना? वाटलंच मला.

तंत्रज्ञ : गेली. एकच बरोबर आहे, दुसऱ्या महिन्याचं. तुम्ही खाली फॉर्म भरत बसला होतात, काकू एकट्याच वर आल्या. हे बघा.

काका : एवढंच? सगळा काळोखच दिसतोय.

तंत्रज्ञ : मला वाटलं यंत्र बिघडलं. दोनदा घेतलं. आता त्याच्या शेजारी तिसऱ्या महिन्याचं लावते. ते लाल हलतंय ना, ते रक्त.

काका : हे तिचंच?

तंत्रज्ञ : त्यांचंच. साखरेचं औषध तेच होतं, जेवण तेच. मध्ये दुसरं काही बदललं नव्हतं. एवढा सगळा फरक नुसता तुमच्या हातांचा आहे, काका.

(काका पडद्याजवळ सरकून बघतात. चित्र थांबतं.)

काका : थांबलं का गं?

तंत्रज्ञ : आठ सेकंदांचंच आहे ते.

काका : परत लाव.

तंत्रज्ञ : लावते. पण एक सांगायला हवं. जोडीतलं एक माणूस गेलं की दोघांची फाइल बंद करावी लागते. आज पाच वाजता करीन. चित्रंही पुसली जातील.

काका : पूस. चुकीचा आकडा कुणी ठेवू नये.

तंत्रज्ञ : हं.

काका : पण पाच वाजायला अजून वेळ आहे ना?