तनूच्या ओळीचा लाल रंग

मंडळी, आधी एक सांगा — एखादी गोष्ट देखणी करायची, ती कुणाच्या डोळ्यांसाठी? एक दिवस येणाऱ्या पाहुण्याच्या, की रोज तिच्यावर विसंबणाऱ्याच्या?... डोकं खाजवताय! खाजवा. मीही खाजवलं असतं.

तर ऐका. एक अंगणवाडी. तिथल्या सेविका शशिकलाताई. पन्नाशीत संगणक शिकल्या, तोही एकटीनं! मुलांच्या वजनाचा तक्ता केला — भरलेलं मूल हिरवं, मधलं पिवळं, फार हलकं ते लाल. रंगीत छापून स्वयंपाकाच्या खोलीत चिकटवला. तिथंच का? तर मदतनीस गोदामावशींना अक्षर येत नाही! म्हणून नावापुढं एकेक चित्र. तनूची चिमणी. आणि चिमणीची ओळ लाल, म्हणजे तनूला रोज एक अंडं जास्तीचं!

एकदा पर्यवेक्षिका बाई आल्या. "ताई, केवढा भडक हो तक्ता! सोमवारी साहेब येणार. जरा नाजूक रंग घ्या की."

झालं! बसल्या ताई रंग निवडत. हिरव्याचा पोपटी, पिवळ्याचा सायीसारखा, आणि लालाचा — फिकट गुलाबी! (हसू नका. लग्नाच्या अल्बमला आपण काय वेगळं करतो?) साहेब आले, म्हणाले, "वा! बघत राहावंसं वाटतं!" ताईंचे पाय जमिनीवर नाहीत.

महिना गेला. वजनाचा दिवस. तनू काट्यावर बसली — अर्धा किलो कमी!

"गोदामावशी, अंडं देत होता ना हिला?"

"न्हाई."

"का?"

"आता का म्हंजे? तुमीच लाल काढला न्हवं! मला वाटलं, समदी पोरं बरी झाली. मी तर देवापुढं साखर ठिवली, ताई!"

साखर ठेवली हो तिनं! आनंदानं!

ताईंनी जाऊन भिंतीवरचा तो गुलाबी कागद ओढून काढला. तनू आपली काट्यावरून विचारतेय — "उतरू का?"

दुपारपर्यंत भिंतीवर नवा कागद लागला. चिमणीची ओळ कुंकवासारखी लाल! पर्यवेक्षिका बाई पुढच्या खेपेला म्हणाल्याच, "ताई, पुन्हा भडक?"

"भडकच आहे, मॅडम. पोरीचं वजन वाढू द्या, मग मीच हिरवा भरते."

आणि गोदामावशी? त्या कुठल्या थांबतात! बोलणं चाललेलं असताना त्यांनी अंडं सोलून तनूच्या हातात दिलंसुद्धा.

आता तुमच्याकडे वळते. सासऱ्यांचा खोकला, सुनेचं गप्प राहणं, पोराचं जेवणावरून उठणं... कुणी विचारलं की आपण म्हणतो, "बरं चाललंय." हा आपला फिकट गुलाबी! दिसतो छान. पण अंडं द्यायला कुणीतरी दारात उभं असतं, मंडळी — त्याला लाल दिसलाच नाही, तर ते बिचारं साखर ठेवून निघून जातं.

घ्या, देवाचं नाव घेऊ या. पण आज डोळे मिटू नका. शेजारी कोण बसलंय, त्याच्याकडे बघत घ्या.