फुप्फुसाची लागण

नंदाबाई : लागण म्हंजे लागण! मिरचीची लागण, अद्रकीची लागण. माह्या डोक्यात दुसरं काय येणार?

प्रियदर्शनी : माय, हळू बोल. बाजूला पेशंट आहेत.

नंदाबाई : काहून हळू बोलू? तूच फोनवर म्हणली का न्हाई, आम्ही लॅबमधी फुप्फुसं तयार करतो आन् मंग लागण करतो? म्या म्हणलं, चला, पोरगी पुण्याला जाऊनबी शेतीचंच काम करून राह्यली. गावाकडं धावड्यात घरोघर सांगून आल्ते. आन् आज ती दवाखान्यातली बाई येऊन म्हणती, मावशी, तुमच्या मालकाच्या फुप्फुसाचा तुकडा द्या, त्याला व्हायरसची लागण करून बघायची हाये. रोग लावायचा, रोग!

बद्रीनाथ : अगं, मिरचीवर बोकड्या रोग आला तरी आपण लागण झाली असंच म्हणतो ना?

नंदाबाई : म्हणतो. आन् उपटून बांधावर फेकतो. आपल्या हातानं कोण लावतं का?

बद्रीनाथ : उद्या छाती माही फाडणारेत. वरडायचं तर म्या वरडावं. तू काहून तापून राह्यली?

नंदाबाई : तुमी गप पडा. डॉक्टरनं बोलू नका म्हणलंय.

प्रियदर्शनी : माय, त्या बाईंना मी पाठवलेलं न्हाई. घरच्या माणसाकडं असं काही मागायची मला मनाईच आहे. बाबांची गाठ साधी आहे. ती काढताना कडेचा थोडा चांगला भागबी निघतो, तपासून उरला की तो दवाखान्यात जाळून टाकतात. म्हणून सगळ्याच पेशंटांना त्या विचारतात. तुम्ही न्हाई म्हणा, विषय संपला. ऑपरेशन तसंच होणार.

बद्रीनाथ : विषय कसा संपला? म्या व्हय म्हणलोय.

नंदाबाई : व्हय म्हणायच्या आदी मला इचारलं?

बद्रीनाथ : आता इचारून राह्यलो ना. तुह्या मनाविरुद्ध देणार न्हाई. पण तुला मनवल्याबिगर झोपणारबी न्हाई. बिलकुल न्हाई.

नंदाबाई : झोपू नका. सकाळी सुई टोचली की आपोआप झोपताल.

बद्रीनाथ : बघ, हासली.

नंदाबाई : म्या हासले न्हाई. माही तर तोंड दाखवायची सोय राह्यली न्हाई. पलीकडच्या वॉर्डातली ती शहाजादीबी हाये ना, तिचा म्हातारा दमेकरी. दुपारी तिला सांगून बसले, माही पोरगी फुप्फुसाची लागण करती, तुमच्या गयासोद्दीनभाईंनाबी नवं बसवंल. बिचारीनं माहे दोन्ही हात धरले. आता तिला काय सांगू?

प्रियदर्शनी : अगं माय... असं बसवण्यासारखं न्हाई ते अजून. मी सांगते त्यांना जाऊन.

नंदाबाई : तू कशाला? तोंड माहं सुटलं, म्याच सांगीन. आदी मला कळू तर दे, तुमी करता काय नेमकं.

प्रियदर्शनी : एक जाळीदार साचा असतो. दोडक्याला मांडव घालतो ना, तसं समज. त्याच्यावर माणसाच्या फुप्फुसाच्या पेशी पेरायच्या. त्या धरल्या, एकमेकींना चिकटल्या, की एका अंगानं हवा सोडायची. यंत्र त्याला हलवत राहतं, आपली छाती हलते तसं. सगळं मिळून आवळ्याएवढं.

नंदाबाई : आवळ्याएवढं. आन् श्वास घेतं?

प्रियदर्शनी : घ्यायला लावतो आपण.

नंदाबाई : एवढं पोसायचं, वाढवायचं, आन् मंग त्याच्यात रोगाचे जंतू सोडायचे. तुला जरा कसं वाटत न्हाई गं?

प्रियदर्शनी : वाटलं होतं. पहिल्यांदा सोडले तेव्हा जेवणच गेलं न्हाई मला. पण माय, विषाणू फुप्फुसात शिरतो कुठून, आधी काय खराब करतो, कोणत्या औषधानं थांबतो, हे कुठंतरी बघावंच लागतं. जित्या माणसात रोग सोडून तर बघता येत न्हाई.

नंदाबाई : मंग बघा. पुण्यात काय माणसं कमी हायेत? ह्यांचंच काहून पाह्यजे?

बद्रीनाथ : ते म्या सांगतो.

नंदाबाई : तुमी बोलू नका म्हणलं ना.

बद्रीनाथ : राधेश्यामचं सांगतो. एवढं बोलू दे. एका भट्टीवर होतो आमी, उमर गेली. तो सळईच्या ह्या टोकाला, म्या त्या टोकाला. माणूस कसा? सांडशीनं लाल लोखंड उचलायचा आन् वर गाणं म्हणायचा. गेल्या थंडीत सर्दी झाली. सर्दी! पूर्ण शेडला झाल्ती. मलाबी झाल्ती. सगळे काढे पिऊन कामावर आले, आन् त्याला स्मशानात नेलं. त्याची बायको, दैवशाला वहिनी, डॉक्टरला इचारत होती, साधा ताप होता ना हो? डॉक्टर म्हणला, भट्टीच्या धुरानं असंल, आमाला नक्की सांगता येत न्हाई.

नंदाबाई : मला म्हाईत हाये. म्या तिच्याजवळच बसल्ते.

बद्रीनाथ : मंग तुलाच इचारतो. का गेला तो? सगळ्यांचा ताप उतरला, त्याचाच काहून न्हाई?

प्रियदर्शनी : माय, आमच्याकडं पेशी येतात त्या बहुतेक शहरातल्या, हापिसात बसणाऱ्या लोकांच्या. भट्टीपुढं वर्षानुवर्षं श्वास घेतलेलं फुप्फुस तोच विषाणू आला तर कसं वागतं, हे आम्हाला म्हाईतच न्हाई. हे मी मनवायला म्हणून सांगत न्हाई. खरं आहे म्हणून सांगते.

(नंदाबाई उठून खिडकीशी जाते. खाली एमआयडीसीची पाळी सुटली आहे. मोटारसायकली, टेम्पो आणि टेम्पोत दाटीवाटीनं उभी माणसं. एवढी वर्षं ती याच वेळेला चहाचं आधण ठेवत आली. आपल्याला राग मुलीचा आलाय की उद्याच्या सकाळचा, हे तिला स्वतःलाच धड सांगता आलं नसतं. भीती मात्र वाटते आहे, आणि ती कुणाला दाखवायची नाही असं तिनं ठरवलं आहे.)

नंदाबाई : त्याला दुखतं का गं?

प्रियदर्शनी : कुणाला?

नंदाबाई : त्या आवळ्याला. रोग सोडता तवा.

प्रियदर्शनी : न्हाई. दुखायला मेंदू लागतो, नसा लागतात. त्याला तसलं काही नसतं.

नंदाबाई : आन् ह्यांचं त्याच्याशी काही लागतं का? तिकडं ते आजारी पडलं आन् इकडं ह्यांना खोकला...

बद्रीनाथ : तिकडं त्याला जंतू सोडले म्हणून म्या इथं शिंकणार व्हय?

नंदाबाई : तुमाला न्हाई इचारलं.

प्रियदर्शनी : काही संबंध राहत न्हाई, माय. खरंच.

नंदाबाई : काम झाल्यावर काय करता त्याचं? अंगातून निघालेलं असं कुठंबी टाकायचं नसतं. तू झाली तवाची वार म्या स्वतः सांगून न्हाणीमागं पुरून घेतल्ती, कुत्र्यामांजरानं उकरू नये म्हणून वर दगड ठेवला.

प्रियदर्शनी : टाकत न्हाई. रोगाचं असतं, म्हणून आगीतच जातं. राख होईपर्यंत.

नंदाबाई : आगीत जातं ना? मंग बराबर हाये. उघड्यावर पडणार असतं तर म्या न्हाईच म्हणले असते.

बद्रीनाथ : म्हंजे व्हय?

नंदाबाई : आदी तुमी उठून बसा, चालायला लागा. तुकड्याचं काय ते त्या बाईला सांगा, बायको व्हय म्हणली. पण दैवशालाला म्या सांगणार. राधेश्यामभाऊजी काहून गेले ते शोधायला माह्या घरातून काहीतरी गेलं, हे तिला माह्या तोंडून कळलं पाह्यजे.

बद्रीनाथ : सांग.

नंदाबाई : आन् आता शहाजादीबीकडं जाते. शिव्या देईल तर देऊ दे.

प्रियदर्शनी : मीबी येते.

नंदाबाई : तू बापाजवळ बस. पण एक सांग, तिकडं ह्यांचं फुप्फुस तूच बघशील ना? दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नको.

प्रियदर्शनी : ते मला कळणारच न्हाई, माय. नाव काढून टाकतात, नुसता नंबर राहतो. भट्टीवरच्या आणखी लोकांचंबी येणार आहे. त्यातलं बाबांचं कोणतं, ते मला कुणीच सांगणार न्हाई.

नंदाबाई : तुलाबी न्हाई?

प्रियदर्शनी : मलाबी न्हाई.

नंदाबाई : आन् खायला काय देता त्या आवळ्यांना?

प्रियदर्शनी : लालसर पाणी असतं, साखर, क्षार, असलं बरंच काही घातलेलं. रोज बदलावं लागतं. सुट्टीच्या दिवशीबी.

नंदाबाई : मंग एकालाबी उपाशी ठिवू नको.