हिरव्या शाईतले सात गुण

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या महाविद्यालयाचे प्राचार्य, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती आणि आमच्या इंग्रजी विभागाच्या प्रमुख असलेल्या बाई, माझे सहकारी, आणि दाराजवळच्या खुर्च्या धोरणीपणाने पटकावून बसलेले विद्यार्थी मित्रहो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. प्राचार्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलेलं मला दिसतंय. तरीही बोलणार आहे, कारण मला बाईंचे आभार मानायचे आहेत. वर्षभरात तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा ‘मला तास आहे’ म्हणून त्या उठून गेल्या. त्यातला एक रविवार होता. आज निवृत्तीचा सत्कारच त्यांचा आहे, आता उठून जाणार कुठे?

बावीस वर्षं आम्ही एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसलो. अभ्यासक्रमात दोन अमेरिकन कवी, दोघंही मृत्यूवर लिहिणारे. विभागात रीतसर वाटणी झाली. एक बाईंच्या वाट्याला, एक माझ्या. नावं घेत नाही, घेतली की बाई मला त्यांची जन्मसालं विचारतील. बाईंचा कवी पक्का घरकोंबडा. त्याच्या कवितेत घरचं माणूस जातं, आणि हे गृहस्थ काय लिहितात? तर दोरीवरचे कपडे आत घ्यायचे राहिलेत! माझा कवी मात्र मृत्यू दारात आला की बाह्या सरसावून सहा पानं भांडतो. मी म्हणायचो, ‘तुमच्या कवीला घड्या घालायला ठेवा.’ बाई म्हणायच्या, ‘आणि तुमच्याला बाजारात उभा करा, आवाज चांगला आहे.’

दरवर्षी दहा गुणांचा प्रश्न ठरलेला: मृत्यूकडे पाहण्याच्या दोघांच्या दृष्टीची तुलना करा. लाल शाईने मी तपासणार, हिरव्या शाईने बाई फेरतपासणी करणार, हे मुलांना पाठ. त्यामुळे ती दोन्ही कवींना निम्मं निम्मं थोर ठरवून मोकळी व्हायची. अध्यक्ष महाराज, इतकी समतोल पिढी दुसऱ्या कुठल्या विभागाने घडवली असेल?

गेल्या वर्षी ऐन परीक्षेत माझी बायको गेली. आठ दिवसांनी कामावर आलो आणि उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोडला. एका मुलीने लिहिलं होतं की भांडणारा कवी शूर, कारण तो मृत्यूपुढे गप्प बसत नाही. वाक्य माझंच, वर्गात उतरवून दिलेलं. आणि मी काय करावं? तिच्याच उत्तरपत्रिकेतल्या कोऱ्या दीड पानावर लाल पेनाने उत्तर लिहीत सुटलो. ‘हे साफ खोटं आहे,’ असं लिहिलं, आणि पुढे सगळंच लिहिलं. वेळ आली तेव्हा माझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही. दवाखान्यातून घरी आलो, तर सकाळी हिने मशीनला लावलेले कपडे तसेच ओले पडले होते. ते मी वाळत घातले. हिचा निळा गाऊन दोनदा झटकला, कारण ती दोनदा झटकायची. भानावर आलो तोवर गठ्ठा फेरतपासणीला गेला होता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी ती उत्तरपत्रिका माझ्यापुढे ठेवली. माझ्या मजकुराखाली हिरव्या शाईत शेरा: ‘उत्तर प्रामाणिक. पुरावा भरपूर. तुलना अपुरी. दहापैकी सात.’

मी हसलो, ही गेल्यापासून पहिल्यांदा. आणि मग टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडलो. बाईंनी दार लावून घेतलं आणि बाहेरच्यांना सांगितलं, ‘आत गोपनीय काम चालू आहे.’ सहकारी हो, तुम्ही तासभर व्हरांड्यात उभे होतात ना, ते याच कामासाठी. मग परीक्षा विभागाला खुलाशाचा अर्ज बाईंनीच लिहिला, मी फक्त सही केली. त्या मुलीला तिचे गुण चोख मिळाले, काळजी नसावी. पुढे चार महिने बाई रोज आपला अर्धा डबा माझ्याकडे सरकवत राहिल्या. सांत्वनाचा एक शब्द नाही. ‘खा. वेळापत्रक करायचंय,’ एवढंच.

बाई, चुकलं माझं. तुमच्या कवीला मी उगाच नावं ठेवली. माणूस गेल्यावर हातांना काहीतरी काम लागतं, हे त्याला ठाऊक होतं. आणि माझा कवी? तो शूर नव्हता हो. त्याला एकटं पडायची भीती वाटत होती, म्हणून तो भांडत होता. मला येत्या सोमवारची वाटतेय, टेबलाच्या त्या बाजूला तुम्ही नसाल. तुम्ही नसता, तर मी त्या वर्षातून बाहेर आलो नसतो. मनापासून आभार.

आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आपलाही आभारी आहे. एखादा शब्द जास्तीचा गेला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. आणि बाई मघापासून पर्समध्ये रुमाल शोधतायत, कुणीतरी द्या बरं त्यांना. माझा देता येत नाही, तो सध्या मलाच लागतोय.