साहेबांची आंघोळ

बस ना, सरकते मी — हा कुत्रा नाही चावायचा, खाजवण्यातून सवड मिळाली तर चावेल ना. तुझं पिल्लू मात्र मांडीवरच ठेव. लागट नाही म्हणतात डॉक्टर, पण आपण कशाला… तू म्हटलं तर चालेल ना? माझ्या मुलाच्या वयाची असशील. याचं अंग बघून घाबरू नकोस, वर्षापूर्वी पाठीवरून हात फिरवला तर हात घसरायचा. आणि कातडीचं दुखणं म्हणजे काही जगावेगळं नाही — आतला कंपाउंडर सांगत होता, दहा कुत्री आली की चारांचं तरी हेच रडगाणं. पिसवा, गोचिड्या, बुरशी. कुणाला खाणं सोसत नाही, कुणाला गवत. ती कोपऱ्यातली बघ, सारखे कान फडफडवतेय, तिचंही तेच. या बाकावर बसून बसून मीच अर्धी डॉक्टर झालेय. याचं सगळं करून झालं — कातडी खरवडून काचेखाली पाहिली, किडा नाही. बुरशी नाही. खाणं बदललं, गोळ्या झाल्या, मलमं झाली, चाटू नये म्हणून गळ्यात ते प्लॅस्टिकचं नरसाळं झालं. चार दिवस बरा, पाचव्या दिवशी पोट पुन्हा लालभडक. डॉक्टर म्हणतात, आजी, याला घरात काय बाधतंय तेच मला कळत नाही. मीही म्हणते, मलाही कळत नाही.

नाव ना? साहेब. हसलीस — सगळे हसतात. आमच्या यजमानांनी ठेवलं. चाळीस वर्षं कचेरीत साहेबांपुढे मान खाली घालून उभे राहिले, निवृत्तीच्या दिवशी हे एवढंसं पिल्लू खिशातून काढलं आणि म्हणाले, आता एक साहेब माझं ऐकेल. कसलं ऐकतोय. यांनीच त्याचं ऐकलं. बाहेरून आले की चप्पल काढायच्या आधी एकच, साहेब जेवले का? साहेब फिरून आले का? मी कधी जेवले, जेवले की नाही — विचारलं नाही हो. वाईट नव्हते, तसं नको समजूस. सुचायचंच नाही त्यांना. भिंतीला कुणी विचारतं का, तू उभी आहेस ना म्हणून?

पुढं इस्पितळात होते, अठरा दिवस. एका दुपारी डोळे उघडले. मी आदल्या दिवसापासून त्या स्टुलावर, पोटात चहाशिवाय काही नाही. माझ्याकडे बघितलं, ओठ हलले, मी कान नेला — तर काय, साहेब जेवले का? जेवले म्हटलं. जिन्यात जाऊन रडून घेतलं आणि तिथंच देवाला नवस बोलले.

नवस कसा बोलावा हे मला कुणी शिकवायला नको. मुलाच्या परीक्षेला मीठ सोडलं, यांच्या बढतीला वर्षभर अनवाणी फिरले. आपल्याला जड जाईल असाच बोलावा, नाहीतर त्याला काय किंमत. आणि मला जगात जड काय — तर याला हात लावणं. मग म्हटलं, देवा, यांना आपल्या पायांनी घरी येऊ दे, मी यांच्या कुत्र्याला वर्षभर रोज सकाळी माझ्या हातांनी आंघोळ घालीन.

आले की. आपल्या पायांनी आले — गाडीतून उतरले, माझ्या खांद्यावर हात ठेवून दाराच्या तीन पायऱ्या चढले. नवव्या दिवशी गेले. आता भांडू कुणाशी, सांग? मागितलं ते मिळालं. घरी येऊ दे एवढंच मी म्हणाले. राहू दे म्हणायचं राहूनच गेलं.

मग माझ्याकडचं मला करायलाच हवं ना. सात महिने झाले. रोज सकाळी सहाला. त्याचा तो वासाचा शाम्पू मला आवडत नाही, स्वच्छ म्हणजे स्वच्छ हवं — कपड्यांचा साबण घेते, ब्रश घेते, पाण्यात झाकणभर फरशी पुसायचं औषध. खरं सांगू — पहिले दिवस रागानंच घासलं मी. इतक्या वर्षांत जे कुणी मला विचारलं नव्हतं, ते सगळं त्या ब्रशात उतरायचं. नंतर राग गेला, हाताची सवय राहिली. आणि आता तर बोलवावंही लागत नाही. सहा वाजले की हा आपणहून उठतो, न्हाणीघरात जातो, कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. थरथरतो, पण हलत नाही. झालं की ओली हनुवटी माझ्या पायावर ठेवतो. माझ्याच पायावर. मी काय केलंय असं…

अशी नको बघूस. मला का कळत नाही? डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, आंघोळ किती दिवसांनी घालता. मी म्हटलं, महिन्यातून एकदा. जीभसुद्धा अडखळली नाही. कारण खरं सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, बंद करा. आणि घरात आठ महिन्यांचा नातू आहे, बाई. नवस अर्धा टाकला आणि त्या लेकराला काही झालं तर मी कुठं तोंड दाखवू? आता मुलगा म्हणतो, आई, बाळ रांगायला लागलं, हे असलं अंग घरात नको. आज डॉक्टरांनी बरा होणार नाही असं सांगितलं, तर याला इथूनच परस्पर गावाबाहेर नेणार, कुत्री सांभाळतात तिथं. बारा वाजता गाडी घेऊन येतोय. चांगलं सांभाळतात म्हणे. ज्या जागेबद्दल असं मुद्दाम सांगावं लागतं, तिथं काय सांभाळत असतील ते मला कळतं.

हे माझे हात बघ. बघ ना, हेही तसेच फुटलेत. मागच्या खेपेला डॉक्टरांची नजर गेली, तर मी पिशवीखाली लपवले. नवस बोलले मी आणि फेडतोय हा. मला जड जावं म्हणून बोलले होते — आणि याला कुणी विचारलं का? यालाही कुणी विचारलं नाही. काही व्हायचं असेल तर मला होऊ दे… मोठ्यानं बोलले का मी? ऐकलंस?

आले हो, आले. साहेब, ऊठ. इथंच लिहून घेता, कंपाउंडरभाऊ? घ्या. वजन कमीच भरेल. औषधं सगळी दिली, वेळेवर दिली. आंघोळ? रोज. रोज सकाळी, कपड्यांच्या साबणानं, सात महिने. महिन्यातून एकदा असं मीच सांगितलं होतं, ते खोडा आणि हे लिहा, आणि मुलगा यायच्या आत डॉक्टरांना दाखवा. तू कशाला उठतेस गं? बस तिथं. तुझ्या पिल्लाकडे बघ.